सापाच्या खेळापासून प्रोग्रामिंग शिकणे योग्य आहे का? आणि आमचा साप स्वतःलाच का आपटतो?

प्रश्न: सिडकोकर

नमस्कार. मी नाशिकच्या सिडकोत राहते आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्टोअर विभागात गेली सोळा वर्षे मालाच्या आवक-जावक नोंदी ठेवते. संगणकाशी माझा संबंध एक्सेलपुरता आहे. आठवीतल्या मुलीला प्रोग्रामिंग शिकण्याची हौस होती, म्हणून दिवाळीनंतर तिला एका क्लासला घातले. तिथे दोन महिने ताऱ्यांचे त्रिकोण छापणे, मूळसंख्या ओळखणे आणि प्रोग्राम वहीत उतरवून पाठ करणे एवढेच चालले होते. एके दिवशी तिने मला विचारले, "आई, हे त्रिकोण छापून कोणाला देतात?" माझ्याकडे उत्तर नव्हते. क्लास सुटला, भरलेली फी बुडाली, तो विषय वेगळा.

माळ्यावरच्या डब्यात माझा जुना नोकियाचा फोन सापडला आणि त्यावरचा सापाचा खेळ तिने पाहिला. "हा तर आपणही बनवू शकू," असे ती म्हणाली आणि आम्ही दोघी मिळून कामाला लागलो. लॅपटॉप जुना आहे, त्यावर विंडोज ७ आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती त्यावर बसेना. शेजारच्या मुलाने ३.८ ही आवृत्ती घालून दिली, ती व्यवस्थित चालते. त्यातल्या टर्टल या चित्रे काढण्याच्या साधनाने आम्ही खिडकी उघडली, एक हिरवा चौकोन काढला आणि तो चालवलाही. सापाचे खाद्य म्हणून मुलीने द्राक्षाचा मणी ठेवला आहे. नाशिकच्या सापाने दुसरे काय खावे, असे तिचे म्हणणे!

पण तीन ठिकाणी गाडी अडली आहे. पहिली अडचण अशी की, वरची कळ दाबण्याआधीच, प्रोग्राम सुरू होताच साप वर वळतो आणि नंतर कळ दाबली तरी काहीच होत नाही. दुसरी अडचण शरीराची आहे. शरीरातला प्रत्येक चौकोन त्याच्या पुढच्या चौकोनाच्या जागी न्यावा असे आम्ही लिहिले, पण पहिल्याच पावलाला सगळे चौकोन डोक्याजवळ एकावर एक गोळा होतात. तिसरी अडचण आम्हाला मुळीच समजत नाही. एका चौकोनाऐवजी लांब साप म्हणून शेजारच्या मुलाने जो नमुना दिला आहे, त्यात साप उजवीकडे जात असताना वरची आणि डावीकडची कळ पटापट दाबली, तर तो स्वतःलाच आपटून मरतो, वास्तविक उलट्या दिशेला वळायचे नाही असा नियम त्यात लिहिलेला आहे.

या तीन अडचणींबरोबर एक मूळ प्रश्नही आहे. अशा खेळापासून सुरुवात करणे योग्य आहे का, की आम्ही पाया सोडून कळस रंगवत बसलो आहोत?

उत्तर: कंसातला माणूस

ताई, आपल्या पहिल्या अडचणीत मीही शिकत असताना एक अख्खी संध्याकाळ घालवली होती, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

कळ आणि काम यांची जोड लावताना आपण फंक्शनच्या, म्हणजे नाव दिलेल्या आज्ञासंचाच्या, नावापुढे कंस लिहिले असणार. पायथनमध्ये कंस म्हणजे "हे आत्ताच्या आत्ता कर." आपल्याला म्हणायचे असते, "वरची कळ दाबली की हे काम कर," आणि प्रत्यक्षात आपण ते काम तिथल्या तिथे उरकून घेतो. कळीशी जोडायला मग काहीच उरत नाही. कंस काढून नुसते नाव लिहा. चिठ्ठीवर माणसाचे नाव लिहून ठेवणे वेगळे आणि त्याला हाक मारणे वेगळे, असे मुलीला सांगितले तर तिला चटकन कळेल. त्यानंतरही कळ दाबून दिशा बदलत नसेल, तर फंक्शनच्या आत "ग्लोबल" हा शब्द लिहायचा राहिला आहे का ते पाहा. तो नसेल तर पायथन फंक्शनपुरते त्याच नावाचे नवे व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवण्याचा नवा डबा, तयार करते आणि बाहेरची दिशा जशीच्या तशी राहते. शिवाय कळा ऐकायला सुरुवात कर, अशी वेगळी आज्ञा टर्टलला द्यावी लागते, तीही तपासा.

दुसरी अडचण मात्र सावकाश समजून घेण्यासारखी आहे, कारण माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. आपण चौकोन पुढून मागे हलवत आहात. पहिला चौकोन डोक्याच्या जागी गेला. मग दुसरा पहिल्याच्या जागी गेला, पण पहिला तर आता डोक्याच्या जागी आहे! म्हणून दुसराही तिथेच पोहोचला आणि त्याच्या मागे तिसराही. हे शेपटीकडून सुरू केले, म्हणजे शेवटचा चौकोन आधी हलवला आणि मग त्याच्या पुढचा, तर ही चूक होत नाही.

पण त्याहून सोपा मार्ग आहे आणि तो आपल्याला तर चटकन उमगेल, कारण आपण स्टोअर सांभाळता. मुलीला चौकटीची वही आणि मूठभर चिंचोके द्या. वहीवर पाच चिंचोक्यांचा साप मांडा. आता त्याला एक घर पुढे न्यायचे तर पाचही चिंचोके सरकवण्याची गरज नाही. शेवटचा उचला आणि डोक्याच्या पुढच्या घरात ठेवा. मधल्या चारांना हातही लागला नाही, तरी पाहणाऱ्याला साप चालल्यासारखा दिसतो. द्राक्ष खाल्ले की शेवटचा उचलायचा नाही, फक्त पुढे एक नवा ठेवायचा. साप आपोआप लांब होतो, त्यासाठी वेगळे काही लिहावे लागत नाही.

ज्या घरात साप सर्वांत आधी शिरला, ते घर तो सर्वांत आधी सोडतो. आधी आलेला माल आधी बाहेर, हा आपला रोजचाच नियम आहे. म्हणून सापाला चौकोनांचे चित्र समजू नका, घरांची यादी समजा. पायथनच्या लिस्टमध्ये सुरुवातीला एक घर घालायचे आणि शेवटचे काढायचे, या दोन ओळी म्हणजे सापाची चाल. चित्र त्या यादीवरून दर पावलाला नव्याने काढायचे. आपल्या बिन कार्डावर जो आकडा असतो तो हिशेब असतो आणि रॅकमध्ये माल असतो, तसेच इथे यादी हा हिशेब आणि पडद्यावरचे चौकोन हा माल. साप मेला का, द्राक्ष खाल्ले का, किती गुण झाले, हे सगळे हिशेबाला विचारायचे, चित्राला कधीही विचारायचे नाही. क्लासमधल्या पुस्तकात याच गोष्टीवर "क्यू" नावाचा धडा असतो आणि तो बहुतेकांना रुक्ष वाटतो.

तिसरी अडचण वेळेची आहे. साप दर पावलाला, समजा १५० मिलिसेकंदांनी, एक घर सरकतो. त्या दोन पावलांच्या मध्ये मुलीची बोटे दोन कळा दाबू शकतात. साप उजवीकडे जात आहे. वरची कळ दाबली, ती उलटी नाही, म्हणून दिशा "वर" झाली. साप अजून हललेला नाही. तेवढ्यात डावी कळ आली. प्रोग्राम पाहतो की दिशा "वर" आहे, डावी तिच्या उलट नाही, म्हणून तीही मान्य. मग पाऊल पडते आणि साप थेट आपल्या मानेत घुसतो. नियम बरोबर आहे, पण तो चुकीच्या गोष्टीशी ताडून पाहिला जात आहे. शेवटच्या दाबलेल्या कळीशी नव्हे, तर साप शेवटी प्रत्यक्ष ज्या दिशेने चालला तिच्याशी तुलना करा. त्याने साप वाचेल, पण दुसरी कळ वाया जाईल. तीही वाया जाऊ द्यायची नसेल, तर आलेल्या कळा एका यादीत साठवा आणि दर पावलाला त्यातली सर्वांत जुनी एक घेऊन तपासा. पुन्हा आधी आलेले आधी बाहेर.

जाता जाता एक सूचना. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावे देवनागरीत चालतात. साप, शेपूट, द्राक्ष अशी नावे मुलीला देऊ द्या. संख्या मात्र इंग्रजी आकड्यांतच लिहाव्या लागतील.

उत्तर: बत्तीस केबी

वरील उत्तर उत्तम आहे, तरी मूळ प्रश्नाचे उत्तर त्यात राहून गेले, म्हणून लिहितो.

केंद्र सरकारचा शाळांतील संगणक साक्षरतेचा "क्लास" प्रकल्प १९८४ साली सुरू झाला आणि त्यात बीबीसी मायक्रो हे संगणक शाळांना मिळाले. आमच्या शाळेत ते आले तेव्हा मी नववीत होतो. त्या यंत्राची स्मृती ३२ किलोबाइट होती. आज फोनवर आलेला एखादा शुभेच्छांचा फोटोही त्यात मावणार नाही. एका यंत्रापुढे आम्ही चौघे बसत असू आणि पाळी आठवड्यातून एकदाच येई, त्यामुळे प्रोग्राम कागदावर लिहून, मनात चालवून, मगच वर्गात जावे लागे. बेसिक भाषेत मी पहिल्यांदा जे स्वतः केले ते म्हणजे भिंतीवर आपटून परत येणारा चेंडू. तो दिवस मला अजून आठवतो, कारण चेंडू पहिल्या भिंतीवरून परत आला आणि दुसऱ्या भिंतीतून निघून गेला.

म्हणून माझे मत असे की, सापाच्या आधी एक आठवडा चेंडू करावा. सापाला यादी लागते, चेंडूला चार संख्या पुरतात. दोन संख्या तो कुठे आहे हे सांगतात आणि दोन संख्या दर पावलाला किती सरकायचे हे सांगतात. उभ्या भिंतीला लागला की आडव्या वेगाचे चिन्ह बदलायचे, छताला किंवा तळाला लागला की उभ्या वेगाचे. आठवीत ऋण संख्या येऊन गेलेल्या असतात, पण उणे चिन्हाने चेंडू मागे फिरतो हे डोळ्यांनी पाहिलेले नसते. त्यात एक फळी घातली की पाँग हा टेबल टेनिससारखा जुना व्हिडिओ खेळ तयार.

पाँगचा इतिहासही या प्रश्नाला लागू पडतो. अटारी कंपनीत नोलन बुशनेल यांनी ॲलन अल्कॉर्न या नव्या अभियंत्याला हात बसावा म्हणून सराव दिला होता, त्या सरावातून १९७२ साली पाँग बाहेर पडला. गंमत अशी की, त्यात प्रोग्राम नव्हताच. तो सगळा खेळ तर्कमंडलांच्या चिप जोडून केलेला होता. अल्कॉर्न यांनी फळीचे आठ भाग पाडले आणि चेंडू कोणत्या भागावर लागतो त्यानुसार तो परतण्याचा कोन बदलला. एवढ्या एका कल्पनेने कंटाळवाणा सराव खेळण्याजोगा झाला. आपल्या मुलीने फळीचे तीन भाग पाडले तरी फरक जाणवेल.

तेव्हा पाया की कळस या शंकेत पडू नका. मात्र एक अट पाळा, खेळ लहान निवडा आणि तो पूर्ण करा. अर्धवट सोडलेले पाच खेळ मीही केले आहेत, त्यांतून गुण मोजणे, खेळ संपणे आणि पुन्हा सुरू होणे हे कंटाळवाणे भाग मी कधी शिकलोच नाही, आणि पुढे नोकरीत नेमके तेच लिहावे लागले.

उत्तर: तिसरे वर्ष

मी गंगापूर रोडला राहतो आणि संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन मुद्द्यांवर माझे मत वेगळे आहे.

एक म्हणजे, ताऱ्यांचे त्रिकोण अगदीच निरुपयोगी नसतात. त्यात एका लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांच्या, पोटात दुसरे लूप असते, आणि खेळाचा चौकटींचा पट काढताना नेमके तेच लागते. बाहेरचे लूप ओळी मोजते आणि आतले लूप त्या ओळीतली घरे मोजते. क्लासची चूक एवढीच की, हे कशासाठी ते सांगितले नाही. ॲलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत टेट्रिस हा पडत्या ठोकळ्यांचा खेळ लिहिला तेव्हा त्यांच्या इलेक्ट्रोनिका ६० या यंत्रावर चित्रे काढण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी कंसांच्या जोड्या छापून ठोकळे दाखवले. म्हणजे आपल्या मुलीच्या ताऱ्यांचाही साप होऊ शकतो. त्रिकोण छापून कोणाला देतात, या तिच्या प्रश्नाला तेवढे उत्तर देता येईल.

दुसरा मुद्दा देवनागरी नावांचा आहे. मी स्वतः करून पाहिले आहे. भाषेचे मूळ शब्द इंग्रजीत आणि नावे मराठीत, त्यामुळे दर ओळीत दोन-तीनदा कळफलक बदलावा लागतो, आणि एखाद्या ठिकाणी बदलायचे राहिले की चूक शोधण्यात वेळ जातो. नावे मराठीच ठेवावीत, पण रोमन लिपीत टंकावीत, हे मला सोयीचे पडले. साप पूर्ण झाल्यावर पायगेम या पायथनमध्ये खेळ बनवण्याच्या साधनाकडे वळा. तिथे मूळबिंदू, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ती जागा, टर्टलसारखी खिडकीच्या मध्यभागी नसून डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि खाली जावे तशी उभी संख्या वाढते, एवढे आधीच सांगून ठेवतो. मी या एका गोष्टीपायी चेंडू वर जाण्याऐवजी खाली का जातो, हे रात्री दोनपर्यंत शोधत बसलो होतो.

सिडकोकर

सर्वांचे मनापासून आभार. कंसांचा दोष होताच. "ग्लोबल"चाही होता.

चिंचोक्यांचा उपाय आम्ही रविवारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर केला. मी भाकरी थापत होते आणि मुलगी "उजवीकडे, वर, वर" असे म्हणत चिंचोके उचलत होती. यादीच्या दोन ओळी तिने स्वतः लिहिल्या आणि साप चालला, तेव्हा तिने सासूबाईंना बोलावून दाखवला. त्यांनी साप कुठे आहे असे विचारले, कारण त्यांना नुसते हिरवे चौकोन दिसत होते! कळांच्या यादीचा बदलही झाला. बत्तीस केबी काका, चेंडू मात्र सापानंतर करू, ती आता मध्ये थांबायला तयार नाही.

याच चिंचोक्यांनी एक नवा घोटाळा दाखवला आहे. चार चिंचोक्यांचा साप तिने दोन गुणिले दोन घरांत गोल फिरवला. वहीवर तो कितीही वेळ फिरतो, कारण शेवटचा उचलूनच पुढे ठेवायचा असतो आणि ते घर त्याच वेळी रिकामे होते. संगणकावर मात्र पहिल्याच फेरीत "खेळ संपला" असे येते. शिवाय द्राक्ष काही वेळा दोन घरांच्या मध्ये पडते आणि साप त्यावरून गेला तरी खाल्ले जात नाही, तर काही वेळा ते सापाच्या अंगावरच उगवते. आणि भिंतीला आपटून मरण्याऐवजी साप उजवीकडून बाहेर जाऊन डावीकडून आत यावा, अशी तिची फर्माईश आहे.

उत्तर: कंसातला माणूस

चार चिंचोक्यांचा साप गोल फिरवून पाहणे मला सुचले नव्हते. मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या.

चूक क्रमाची आहे. आपला प्रोग्राम आधी नवे डोके शरीरावर पडते का ते तपासतो आणि मग शेपूट काढतो. शेपूट आधी काढा, मग तपासा. द्राक्ष खाण्याच्या पावलाला शेपूट काढली जात नाही हे खरे, पण द्राक्ष शरीरावर नसेल तर त्या पावलाला डोके शेपटीच्या घरात जाण्याचा प्रश्नच येत नाही.

द्राक्षाची जागा आपण पिक्सेलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांत मोजून, निवडत असाल. साप वीस-वीसच्या उड्या मारतो आणि द्राक्ष १३७ वर बसले, तर दोघांची गाठ कशी पडणार? सगळा हिशेब घरांच्या क्रमांकात ठेवा. खिडकी ६०० पिक्सेलची असेल तर आडवी ३० घरे होतात, त्यांना ० ते २९ असे क्रमांक द्या. द्राक्षासाठीही यांतलाच क्रमांक निवडा. चित्र काढायच्या क्षणीच क्रमांकाला वीसने गुणून त्यातून २९० वजा करा, म्हणजे पहिले घर उणे २९० वर आणि शेवटचे अधिक २९० वर येईल. द्राक्ष अंगावर उगवू नये म्हणून निवडलेले घर सापाच्या यादीत आहे का ते पाहा आणि असेल तर पुन्हा निवडा. साप फार लांब झाला की हे "पुन्हा निवडा" वाढत जाईल. तेव्हा रिकाम्या घरांची यादी करून तिच्यातून एक उचलणे बरे, पण तेवढा लांब साप होईपर्यंत घाई नाही.

भिंतीतून पलीकडे जाण्यासाठी घरांचे हे क्रमांकच उपयोगी पडतील. नव्या क्रमांकाला ३० ने भागा आणि बाकी घ्या. उजवीकडून बाहेर पडताना ३० येतात, बाकी ०, म्हणजे डावीकडचे पहिले घर. डावीकडून बाहेर पडताना उणे १ येतो आणि पायथन त्याची बाकी २९ देते, म्हणजे उजवीकडचे शेवटचे घर. दोन्ही दिशांना एकच ओळ पुरते. तिसरे वर्ष यांनी हाच खेळ सी भाषेत लिहायला घेतला, तर तिथे बाकी उणे १ च येईल, म्हणून आधी ३० मिळवून मग भागावे लागेल.